नांदूरमध्यमेश्वरच्या काठावर लाकडी निसर्ग परिचय केंद्र कसे उभारावे

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी दगडी बंधारा बांधला गेला, त्याच्या मागे गाळ साचत गेला आणि त्या गाळावर उथळ पाणी, पाणकणसाची बेटे व काठची झाडी मिळून आजची नांदूरमध्यमेश्वरची पाणथळ आकाराला आली. १९८६ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि पुढे ती महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ, ठरली. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आणि पर्यटकांसाठीच्या काही सोयी आधीपासून आहेत. अशा ठिकाणी नवे केंद्र बांधायचे किंवा जुन्याच्या जागी लाकडी इमारत उभी करायची ठरली, तर आराखड्याचे निर्णय कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कारणांनी घ्यावेत, हे येथे वास्तुविशारद, वनकर्मचारी आणि गावसमितीचे सदस्य या तिघांनाही उपयोगी पडेल अशा रीतीने मांडले आहे.

पाण्याजवळ लाकूड टिकत नाही, हा आक्षेप पहिल्याच बैठकीत येतो, आणि त्याचे उत्तर याच तालुक्यातल्या कांदाचाळींत उभे आहे. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला असतो, खालून आणि बाजूंच्या पट्ट्यांमधून वारा खेळतो, छप्पर दोन्ही अंगांना पुढे आलेले असते, आणि कांद्याला लागलेला दमटपणा साचण्याआधीच उडून जातो. लाकडालाही नेमकी हीच व्यवस्था लागते. लाकडातील ओलावा साधारणपणे २० टक्क्यांच्या खाली राहिला तर त्यावर कुजवणारी बुरशी वाढत नाही. पावसात भिजलेले लाकूड काही दिवसांत पुन्हा त्या पातळीखाली येऊ शकते की नाही, यावर इमारतीचे आयुष्य ठरते. पुढे येणारे बहुतेक तपशील या एका प्रश्नाला दिलेली उत्तरे आहेत.

जागा आणि पूररेषा

रेखाटनाला हात लावण्यापूर्वी जमीन कोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावरून पाहावे, कारण जलाशयाच्या काठावर वनविभाग, जलसंपदा विभाग, गावठाण आणि खासगी शेते यांच्या हद्दी एकमेकींत घुसलेल्या असतात. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांत, आधीच्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत बोटींचे धक्के वगळता कायमस्वरूपी बांधकामाला मनाई आहे. या दोहोंचा आपल्या जागेपुरता मेळ कसा घालायचा, हे वनविभागाकडून लेखी घ्यावे. आराखड्यापुरते मात्र ५० मीटर हे किमान अंतर धरावे आणि शक्य असेल तर त्याहून मागे सरकावे. इमारत पाण्यात पाय बुडवून उभी असलेली छायाचित्रे आकर्षक दिसतात, पण पक्षी बसतात ते काठाच्या पहिल्या काही मीटरांत, आणि नेमकी तीच जागा इमारतीने व्यापली तर पाहायला आलेल्याला पाहण्यासारखे काही उरत नाही. स्वीडनमधील क्रिस्टियानस्टाड येथील वातेनरिकेट केंद्र खांबांवर, पाणथळीच्या मधोमध उभे आहे आणि ते उत्तम आहे. परंतु ते एका शहराच्या कडेला आहे, तेथील पाणी वेगळ्या स्वभावाचे आहे, आणि त्याची नक्कल येथे करण्याचे कारण नाही.

पूरपातळी ठरवताना एकाच आकड्यावर विसंबू नये. बंधाऱ्यावरील नोंदी जलसंपदा विभागाकडून मागवाव्यात, त्यांत २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधील पुरांच्या पातळ्या मुद्दाम पाहाव्यात, आणि मग चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी या गावांतील वडीलधाऱ्यांना पाणी कोणत्या देवळाच्या कितव्या पायरीला लागले होते ते विचारावे. गंगापूर आणि दारणा या धरणांतून एकाच वेळी विसर्ग झाला की येथील पाणी काही तासांत चढते. ज्ञात सर्वोच्च पातळीच्या वर किमान ६० सेंटिमीटर अंतर सोडून तेथे फरशीखालच्या तुळयांचा खालचा काठ यावा.

पुराचा आणखी एक धोका नकाशावर दिसत नाही. नाशिकच्या बाजूने येणाऱ्या पाण्यात जलपर्णीचे मोठाले गालिचे वाहून येतात. ते खांबांना अडकले की त्यांच्यामागे पाणी तुंबते आणि खांबांवरचा आडवा रेटा केवळ वाहत्या पाण्याच्या रेट्यापेक्षा कितीतरी वाढतो. म्हणून फरशीखालचे खांब चार ते साडेचार मीटर अंतरावर ठेवावेत, प्रवाहाला आडवे येणारे तिरपे आधार तेथे देऊ नयेत, आणि लागणारे आधार प्रवाहाच्या दिशेला समांतर असावेत. लाकडी इमारत हलकी असते, त्यामुळे पाणी फरशीपर्यंत चढल्यास ती उचलली जाऊ शकते. प्रत्येक खांब पायाला बोल्टने खाली बांधलेला हवा. वाऱ्यासाठी नाशिक परिसराला भारतीय मानकानुसार ३९ मीटर प्रतिसेकंद हा मूळ वेग धरतात, आणि पुढे आलेल्या रुंद छपराला वरच्या दिशेने बसणारी ओढ त्यावरूनच काढावी.

किती बांधायचे

हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. शाळेच्या दोन बस एका वेळी येतील असे धरले तरी सर्व मुलांना एकाच दालनात बसवण्याची गरज नाही. एक तुकडी आत, दुसरी फळ्यांच्या पायवाटेवर अशी पाळी ठेवली की ६० चौरस मीटरचे दालन पुरते. त्याला जोडून तिकीट व माहितीची खिडकी, दुर्बिणी आणि तिपाईवरचे स्कोप ठेवण्यासाठी कुलूपबंद खोली, स्थानिक मार्गदर्शकांना बसायला जागा, आणि एक रुंद पडवी. एकूण १८० ते २०० चौरस मीटरमध्ये हे सारे बसते, आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग केवळ छताखालचा, भिंती नसलेला असला तरी चालतो. मार्गदर्शकांची खोली खर्च कमी करताना सर्वांत आधी कापली जाते, तसे होऊ देऊ नये. पक्षी दाखवण्याचे काम गावातील हेच मार्गदर्शक करतात आणि पहाटे पाचपासून ते तेथे असतात.

हवामानाचा विचार ‘महाराष्ट्र उष्ण’ अशा ढोबळ समजुतीवर करू नये. निफाडची थंडी दर डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांत येते, आणि पर्यटक नेमके त्याच दिवसांत, सूर्योदयाच्या सुमारास येतात. म्हणून बाकी इमारत मोकळी ठेवली तरी एक खोली दारे-खिडक्या घट्ट बंद होणारी असावी आणि पडवीचा काही भाग आग्नेयेला तोंड करून असावा, म्हणजे सकाळचे ऊन थेट तेथे येईल. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तीच मोकळी रचना आणि छपराखालून निघून जाणारी गरम हवा उपयोगी पडते.

पाया

नदीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर उथळ पाया घातला तर खांब वेगवेगळ्या प्रमाणात वरखाली होतात आणि लाकडी सांगाड्याचे जोड उकलू लागतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी विकसित केलेले अंडररीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर कंद असलेले काँक्रीटचे खांब, हा येथे सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. ते सुमारे साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल न्यावेत, कारण ओलाव्याचा ऋतुमानानुसार होणारा बदल त्या खोलीवर जवळजवळ थांबतो. पाइलांना जोडणारी तुळई जमिनीलगत असेल तर तिच्याखाली सुमारे ८० मिलिमीटरची पोकळी ठेवावी, म्हणजे फुगणारी माती तुळईला वर ढकलणार नाही. इमारतीतील बहुतेक सिमेंट येथेच संपावे. ओले काँक्रीट किंवा मिक्सर धुतलेले पाणी ओहोळात जाता कामा नये; ते तीव्र अल्कधर्मी असते आणि उथळ पाण्यातील मासे व बेडकांची पिल्ले त्याने मरतात. अत्यंत धोक्यात असलेला देवळालीचा छोटा मासा या पाणथळीच्या रामसर नोंदीत आहे, हे ठेकेदाराला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे.

काँक्रीटच्या पाइलाचे डोके जमिनीच्या वर किमान ३० सेंटिमीटर ठेवून त्यावर जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी बैठक बसवावी आणि लाकडी खांब त्या बैठकीवर, काँक्रीटपासून सुटा उभा करावा. वाळवी मातीचे बोगदे करत वर चढते. मध्ये उघडे धातू आणि काँक्रीट असले की तिचे बोगदे उघड्यावर येतात आणि झाडूने पाडता येतात. वाळवीनाशक मातीत ओतण्याचा प्रश्नच पाणथळीत उद्भवू नये.

कोणते लाकूड, कोठून

सागाचे नाव सर्वांत आधी येते, आणि ते योग्यच आहे, पण सागातही भेद आहे. टिकतो तो गाभा. बाहेरचे पांढरट लाकूड बुरशी आणि वाळवी या दोहोंना सहज बळी पडते. विरळणीतून, म्हणजे दाट लागवड विरळ करताना, निघालेल्या कोवळ्या सागात पांढऱ्या लाकडाचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे ‘साग’ एवढाच शब्द निविदेत लिहून भागत नाही, गाभ्याची अट स्वतंत्र लिहावी लागते. नवा साग वनविभागाच्या किंवा वन विकास महामंडळाच्या आगाराच्या लिलावातून घ्यावा आणि वाहतूक परवाना जपून ठेवावा. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरचे सागवान देशभर नावाजलेले आहे. तथापि तेथून माल आणण्यापूर्वी पेठ, सुरगाणा या भागांतून निघणारा माल नाशिकच्या आसपासच्या आगारांत मिळतो का ते पाहावे.

माझा कल मात्र जुन्या लाकडाकडे आहे. नाशिक, येवला, सिन्नर या ठिकाणी वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचे खांब, तुळया आणि कडीपाट जुन्या बाजारात येतात. या लाकडाने शंभर पावसाळे पाहिलेले असतात आणि ते पुरते वाळलेले असते, त्यामुळे नंतर आकसून जोड सैल होण्याचा धोका फारच कमी. अडचणी तीन. खिळे शोधून काढावे लागतात, नाहीतर करवतीचे पाते जाते. जुन्या खाचांमुळे काही तुळयांची ताकद घटलेली असते, म्हणून प्रत्येक नग अभियंत्याने पाहून त्याला खडूने क्रमांक द्यावा. आणि लांबी मिळेल तीच घ्यावी लागते. या शेवटच्या कारणामुळे आराखडा आधी आणि लाकूड नंतर हा क्रम उलटा करावा. तीन-साडेतीन मीटरच्या तुळया मुबलक मिळत असतील तर खणही तेवढाच ठेवावा आणि फरशीखालचे जास्तीचे अंतर दुहेरी तुळयांनी किंवा कैचीने गाठावे.

भिंतींच्या पट्ट्या, जाळ्या आणि छताखालचे अस्तर यांसाठी बांबू पुरेसा आहे. सिंधुदुर्गातील माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो आणि त्यात बोल्ट नीट धरतो. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात बदल झाल्यापासून वनाबाहेर लावलेला बांबू वृक्षांच्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे शेतकऱ्याकडून थेट खरेदी सोपी झाली आहे. तीन-चार वर्षे वाढलेला बांबू घ्यावा आणि बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवावा. हे क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून असा बांबू फक्त छपराच्या आडोशाला वापरावा. उघड्यावर ठेवला तर पहिल्या दोन पावसाळ्यांत संरक्षणही धुऊन जाते आणि तो क्षार पाणथळीत उतरतो. तांबे आणि क्रोमियम असलेली रासायनिक प्रक्रिया लाकूड चांगले टिकवते, पण तांबे पाण्यातील जीवांना थोड्या प्रमाणातही घातक असते, तेव्हा या काठावर ती टाळावी आणि उघड्यावरच्या भागांसाठी सागाचा गाभा किंवा अंजन यांसारखे मुळातच टिकाऊ लाकूड घ्यावे.

लाकडात साठलेल्या कार्बनचा उल्लेख हल्ली प्रत्येक अहवालात असतो. एक घनमीटर वाळलेल्या सागात सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइडएवढा कार्बन असतो, हे खरे. पण तो हिशेब इमारत किती वर्षे उभी राहते यावर अवलंबून आहे, आणि पंधरा वर्षांत कुजून जाळलेल्या लाकडाचा हिशेब शून्यावर येतो.

सांगाडा, छप्पर, भिंती

छपराला पुरेसा उतार आणि सर्व बाजूंना किमान १.२ मीटरची वळचण द्यावी. निफाडचा पाऊस कोकणासारखा नसतो, पण तो वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि अवकाळी गारपीट द्राक्षबागांबरोबर छपरांनाही झोडपते. मंगलोरी कौले थंडावा देतात, शांत असतात, फुटलेले एकेक कौल बदलता येते; म्हणून गारांचा धोका पत्करूनही मी कौलांच्या बाजूने आहे, फक्त त्यांच्याखाली फळ्यांचे अस्तर असावे, म्हणजे फुटलेले कौल बदलेपर्यंत आतले सामान भिजणार नाही. पन्हाळी पत्रा स्वस्त आणि हलका असला तरी पावसात त्याखाली बोललेले ऐकू येत नाही, आणि माहिती सांगण्याच्या जागी तो मोठाच दोष आहे. स्वीडनमधील ताकेर्न सरोवराकाठच्या केंद्राला तेथल्याच बोरूचे छप्पर आहे आणि गवती छपराची कमकुवत जागा म्हणजे माथा, तो तेथे काचेने झाकला आहे. आपल्याकडे पाणकणसाचे असे छप्पर उन्हाळ्यातील आगीच्या भयाने आणि ते शाकारणारे कुशल हात कमी झाल्याने मुख्य इमारतीला योग्य नाही, लपणगृहाला, म्हणजे आडून पक्षी पाहण्याच्या छोट्या खोपीला, चालेल.

जोड करताना पाणी कोठे थांबेल हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारावा. आडव्या तुळईचा उघडा माथा सपाट ठेवू नये, त्याला उतार किंवा पत्र्याची टोपी द्यावी. लाकडाचे कापलेले टोक बाजूपेक्षा कितीतरी वेगाने पाणी शोषते, म्हणून टोके वळचणीच्या आत ठेवावीत किंवा झाकावीत. खाचेत बसवलेल्या कुसवाखाली (लाकडाच्या निमुळत्या टोकाखाली) पाणी साचत असेल तर खाचेच्या तळाला निचऱ्याचे भोक पाडावे. सागाला साध्या लोखंडाचा खिळा मारल्यास काळे ओघळ येतात आणि खिळाही गंजतो. स्क्रू आणि बोल्ट स्टेनलेस किंवा जस्ताच्या जाड मुलाम्याचे असावेत. खालची भिंतफळी, कठड्याचा माथा आणि पायवाटेच्या फळ्या हे भाग आधी झिजणारच. ते चार स्क्रू सोडवून बदलता येतील असे बसवावेत आणि मुख्य सांगाड्यात गुंतवू नयेत.

आगीसाठी लाकूड वाटते तितके बेभरवशाचे नाही. जाड लाकूड मिनिटाला साधारण ०.५ ते ०.७ मिलिमीटर वेगाने कोळसत जाते आणि आतला भाग भार पेलत राहतो, म्हणून खांबांच्या उघड्या बाजूंना गणितापेक्षा २५ मिलिमीटर जाडी अधिक द्यावी. खरी भीती बाहेरून येते: उन्हाळ्यात शेजारच्या शेतात पेटवलेले उसाचे पाचट आणि वाळलेले पाणकणीस. इमारतीभोवती दहा मीटरचा पट्टा दरवर्षी फेब्रुवारीत मोकळा करावा आणि चहाची टपरी वेगळ्या छपराखाली न्यावी.

पाण्याकडे तोंड असलेल्या मोठ्या काचा लावू नयेत. काचेत आभाळ आणि झाडी दिसते आणि पक्षी त्यावर येऊन आपटतात. काच लावायचीच असेल तर तिच्या बाहेरच्या बाजूला पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके किंवा रेषा असाव्यात. त्यापेक्षा लाकडी झडपांच्या अरुंद फटी चांगल्या, आणि त्या तीन उंचींवर हव्यात, म्हणजे लहान मूल, व्हीलचेअरवरील व्यक्ती आणि उभा प्रौढ या सर्वांना चक्रवाक किंवा थापट्या ही बदके न उठवता पाहता येतो. निरीक्षणाच्या फटी शक्यतो उत्तरेकडे ठेवाव्यात, त्यामुळे पाण्यावरची चकाकी डोळ्यांत येत नाही. दिवे मोजके, पिवळसर, खाली झाकलेले असावेत आणि केंद्र बंद झाल्यावर विझावेत.

पायवाट, सांडपाणी आणि कामाचा हंगाम

केंद्रापासून लपणगृहापर्यंत जाणारी फळ्यांची पायवाट दीड मीटरहून अरुंद नसावी, चढ १ः१२ पेक्षा तीव्र नसावा, आणि फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या, सहा ते आठ मिलिमीटर फट ठेवून बसवाव्यात. तिच्या पाण्याकडील बाजूला माणसाच्या खांद्याएवढा बांबूचा पडदा उभारावा. चालणाऱ्यांच्या आकृत्या आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसल्या की थवे उठतात.

शौचालयासाठी शोषखड्डा करू नये. भूजलाची पातळी वर असताना त्यातील मैला सरळ पाणथळीत झिरपतो, आणि जलपर्णीला खतपाणी घालण्याचे काम वरून येणारे सांडपाणी आधीच करत आहे. पाणीबंद टाकी ठेवून ती नियमित उपसावी, किंवा कोरडी खतशौचालये बांधावीत. हात धुण्याचे पाणी पूररेषेच्या बाहेर कर्दळीच्या वाफ्यात सोडावे. वीज छपरावरील सौर पट्ट्यांतून सहज भागते.

बांधकामाचे वेळापत्रक पक्ष्यांच्या वेळापत्रकावर बसवावे लागते. ऑक्टोबर ते मार्च हा स्थलांतरितांचा काळ, जून ते सप्टेंबर पुराचा. उरतात एप्रिल आणि मे, आणि त्यांतही काठावर घरटी आहेत का ते आधी पाहून घ्यावे लागते. म्हणून पहिल्या उन्हाळ्यात फक्त पाया घालावा. पावसाळा आणि हिवाळ्यात सुतारांनी निफाडमध्ये किंवा नाशिकमध्ये छताखाली सारा सांगाडा कापून, एकदा जुळवून, क्रमांक घालून ठेवावा. आणि पुढच्या उन्हाळ्यात तो जागेवर आणून उभा करावा. लाकडात बांधण्याचा हा मोठा फायदा आहे, कारण जागेवरचे गोंगाटाचे दिवस त्यामुळे फारच थोडे होतात. ठेकेदाराशी करार करताना हे दोन टप्पे आणि त्यांची देयके वेगळी लिहावीत, अन्यथा आर्थिक वर्ष संपण्याच्या घाईत काम नेमके जानेवारीत सुरू होते.

देखभालीची नोंदवही इमारतीबरोबरच हस्तांतरित करावी. दर ऑक्टोबरला फरशीखाली वाकून जाऊन खांबांच्या बैठका आणि वाळवीचे बोगदे पाहावेत, ओलावामापक ठरलेल्या दहा-बारा जागी टेकवून आकडे लिहावेत, आणि ज्या जागी सलग दोन वर्षे २० टक्क्यांच्या वर आकडा आला तेथे लाकूड बदलण्याआधी पाणी कोठून येते ते शोधावे. पायवाटेच्या फळ्यांसाठी दरवर्षी थोडी रक्कम वेगळी ठेवावी आणि सुटे लाकूड केंद्राच्याच पोटमाळ्यावर आडवे, फटी ठेवून रचून ठेवावे, म्हणजे बदलण्याची वेळ येईल तेव्हा ते तेथल्याच हवेला सरावलेले असेल.